वार उकिरड्यावर, वारा घरात



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही शेतकी खात्याची माणसे वस्त्या-वस्त्यांवर फिरतो. बेण्याचे बोलायला जावे, तर गोष्ट गोठ्यावर येते. यात नवल नाही. संगमनेर, राहाता, राहुरीकडे उसाच्या बिलाइतकाच दुधाचा पगार घर चालवतो. वाढे गोठ्यात जातात, शेणखत रानात येते. पण त्याबरोबर डोळ्यांना न दिसणारेही काही येते.

गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की आपण काय करतो? वार ओढून उकिरड्यावर टाकतो. कुत्री ती शिवारभर नेतात, उरलेली तिथेच वाळते. सांसर्गिक गर्भपाताचे, म्हणजे ब्रुसेलाचे, जंतू त्या वारेत खच्चून भरलेले असतात. ते हाताच्या जखमेतून, कच्च्या दुधातून जातात, तसे गोठ्यातल्या हवेतून श्वासावाटेही जातात. मग चढउताराचा ताप, घाम, कंबर धरणे. टायफॉइड, मलेरिया म्हणून औषधे चालू राहतात. खरे औषध सहा-सहा आठवडे घ्यावे लागते.

आणि हे आपल्या कुंपणाच्या आतच राहील असे कोणी समजू नये. हॉलंडमध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांच्या गोठ्यांतून क्यू-फिव्हरचे जंतू वाऱ्याबरोबर गावांत शिरले. सुमारे ४,००० रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या कितीकांनी शेळीला हातही लावला नव्हता! शेवटी सरकारला रोगी कळपांतल्या गाभण शेळ्या मारून टाकाव्या लागल्या. जंतू वेगळा, पण गाभडणे, वार, धूळ, वारा ही वाट ओळखीचीच.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. गाभडलेली गाय तपासणी न करता गुपचूप बाजार दाखवणे हा व्यवहार नव्हे. दुसऱ्याच्या दारात रोग नेऊन बांधणे आहे. नुकसान सोसवत नाही हे आम्हालाही कळते. पण आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

वार उघड्या हाताने धरू नका; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईला त्या कामाला लावू नका. कोरडा गोठा पाणी शिंपडल्याशिवाय झाडू नका. शेणखत कुजवूनच, वारा पडलेला असताना पांगवा. दूध उकळूनच प्या. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचतात. २०१९ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ती चुकवू नका.

खड्डा खणायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ शेजाऱ्यासाठी काढावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी