एका क्रियापदाचा धडा

इंग्रजीची भीती ही आपल्या मुलांच्या वाटेतील मोठी धोंड आहे. ही भीती व्याकरणापेक्षा शब्दार्थाच्या घोकंपट्टीतून अधिक उपजते, असे आमचे स्पष्ट मत आहे. शब्दासमोर एक अर्थ लिहून तो पाठ केला, की शब्द आला असे आपण मानतो. शब्द तेवढ्याने येत नाही.

‘ड्रॉ’ हे साधे क्रियापद घ्या. ‘ड्रॉ’ म्हणजे चित्र काढणे, हे पाचवीतील विद्यार्थीही सांगतो. परंतु इंग्रजीत विहिरीतून पाणी, बँकेतून पैसे आणि पुराव्यांवरून निष्कर्षही ‘ड्रॉ’ करतात. बैल गाडी ‘ड्रॉ’ करतात. खिडकीचा पडदाही ‘ड्रॉ’ केला जातो. अकरावीत हे सारे अर्थ एकदम समोर आले, की खेड्यातून आलेला हुशार विद्यार्थीही गांगरतो.

वास्तविक गांगरण्याचे कारण नाही. मराठीतही आपण चित्र काढतो, पाणी काढतो, पैसे काढतो आणि निष्कर्षही काढतो. गाडी आणि पडदा ओढतो. म्हणजे ‘काढणे’ आणि ‘ओढणे’ या घरच्या दोन क्रियापदांत त्या शब्दाचा बराचसा संसार मावतो. सामना बरोबरीत सुटणे हा त्याचा अर्थ मात्र त्यांत बसत नाही; तो वाक्यातूनच शिकावा लागतो. मायबोली ही इंग्रजीच्या वाटेतील अडसर नसून पहिली पायरी आहे.

याच ‘ड्रॉ’च्या कुळात ‘ड्राफ्ट’ हा शब्द येतो. एका स्पेलिंगने लिहिला तर त्याचा एक अर्थ घोट, दुसऱ्या स्पेलिंगने मसुदा. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबावेच लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. तरीही महाडचे चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथील पाणी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा त्या ठरावाच्या शब्दांना अर्थ आला. त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास १९३७ साल उजाडले. पुढे १९४७ मध्ये राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडेच आले. पाण्याच्या घोटापासून घटनेच्या मसुद्यापर्यंतचा तो प्रवास अवघ्या वीस वर्षांचा.

यातून आम्ही एवढेच घेतो, की कागदावरचा हक्क आणि वहीतला शब्द, दोन्ही वापरल्याशिवाय आपले होत नाहीत.

म्हणून आमची एक सूचना आहे. वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासिकेत दर आठवड्याला एक क्रियापद घ्यावे. मुलांनी त्याची स्वतःची वाक्ये रचून भित्तिपत्रकावर लावावीत. आपले माजी विद्यार्थी आज न्यायालयात, बँकेत, कारखान्यात, रुग्णालयात काम करीत आहेत. त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ येऊन तोच शब्द आपल्या कामात कोणत्या अर्थाने येतो, ते मुलांना सांगावे. देणगी सर्वांना जमेलच असे नाही. एक संध्याकाळ मात्र प्रत्येकाला देता येईल.