बेटकुळी नंतर काढा!

तुमच्या टॅबवरची ती ‘वॉरियर फायनल’ नावाची फाइल जरा उघडा. नाव वेगळं असेल, पण फाइल असणारच. कॅरेक्टर डिझाइनची आवड असलेल्या प्रत्येकाकडे असते. उघडी छाती, कलिंगडाएवढे खांदे, पोटावर आठ चौकोनी वड्या आणि प्रत्येक वडीवर वेगळा हायलाइट. शेडिंग एक नंबर! आता एक साधा प्रश्न. हा माणूस करतोय काय? नुसता उभा आहे. मग नुसतं उभं राहायला अंगातला प्रत्येक स्नायू आवळून धरायची गरज काय?

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण पिळदार माणूस काढतच नाही. आपण स्नायूंची यादी काढतो. आणि डिजिटल टूल्सनी ही सवय आणखी पक्की केलीय. कागदावर चुकीच्या जागी बसलेला दंड चारकोलनं घासत बसायला जीव तरी जायचा. इथे सॉफ्ट ब्रश, वर एक मल्टिप्लाय लेयर, आणखी वर ओव्हरले, की कुठलाही गोळा उठावदार दिसतो. तो गोळा तिथे का आहे, हे कुणी विचारत नाही.

स्नायूचं काम समजून घ्यायला मेडिकलला जावं लागत नाही. तो हाडांना दोन टोकांना बांधलेला असतो आणि त्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून एका बाजूनं ओढलं, की समोरच्या बाजूला सैल सोडावं लागतं. कोपर दुमडून बॅग उचललीत की पुढे बेटकुळी येते, मागचा ट्रायसेप्स बराच ढिला असतो. दार ढकलताना उलट. दोन्ही बाजू एकदम टणक कधी दिसतात? बॉडीबिल्डर स्टेजवर पोझ देतो तेव्हा! तुमचा योद्धा भर लढाईत पोझ देत असेल, तर तो वाचणं कठीण आहे.

आता हे वाचता वाचताच करून बघा. डावा पंजा उजव्या छातीवर ठेवा आणि उजवा हात सरळ वर न्या. हाताखाली काहीतरी बगलेकडे ताणलं गेलं ना? छातीचा मोठा स्नायू म्हणजे छातीवर चिकटवलेली ढाल नव्हे. तो गळ्याजवळच्या हाडापासून आणि छातीच्या मधल्या हाडापासून निघतो आणि थेट दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. त्यामुळे हात वर गेला की ढालीचा पट्टा होतो, खालची कड वर खेचली जाते, पाठीमागचं त्रिकोणी हाड फिरतं. पण तलवार उगारलेले हीरो बघा. हात आकाशात आणि छाती मात्र हात खाली असताना होती तशीच! खांद्याचंही तेच. तो गोल चेंडू नाही. त्याचे तीन भाग आहेत आणि ते निमुळते होत दंडाच्या बाहेरच्या बाजूला, साधारण मध्यावर घुसतात. हे एक टोक जागेवर बसलं ना, की अर्धा हात आपोआप बरोबर येतो. पोटरीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा खाली उतरते, घोट्याचं मात्र उलट, आतला वर आणि बाहेरचा खाली. एवढी तिरकी रेघ आली तरी पाय जिवंत वाटतो.

‘पण ही माझी स्टाइल आहे’ हे उत्तर मला माहितीय. अतिशयोक्तीला माझा काडीचा विरोध नाही. ‘बाकी’वाले केइसुके इतागाकी माणसाच्या पाठीवर राक्षसाचा चेहरा उमटवतात, आणि तरीही तो पाठीच्याच स्नायूंतून उमटतो. दिशा माहीत असली की हवं तेवढं फुगवा.

खरी गडबड रेफरन्समध्ये आहे. आपण सेव्ह करतो ते फोटो असतात शूटच्या दिवसाचे. ‘द विचर’मधल्या शर्टलेस सीनसाठी आपण तीन दिवस पाणी कमी करत आणायचो, हे खुद्द हेन्री कॅव्हिलनं सांगितलंय. म्हणजे जे शरीर आपण ताकदीचं म्हणून गिरवतो, ते त्या क्षणी तहानलेलं असतं. उलट 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमधला लाशा तालाखाद्झे बघा. दोन प्रकार मिळून 488 किलो उचलले गड्यानं, आणि पोट चांगलं सुटलेलं. त्याच स्पर्धेत 49 किलोच्या गटात 202 किलो उचलून रौप्य मिळवणाऱ्या मीराबाई चानूच्या मांड्या आणि खांदे बघा. मग आपल्या ‘वॉरियर प्रिन्सेस’चे काडीसारखे दंड बघा. ती ती तलवार उचलणार कशी, राव?

आणि हे फक्त चित्रापुरतं राहत नाही. दिवसाचे चार तास तेच कोरलेलं पोट रंगवणारा मुलगा रात्री आरशासमोर उभा राहतो तेव्हा काय मोजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे तर रेफरन्सला तोटाच नाही. तालमीत जा. वस्तादांना विचारा, कोपऱ्यात बसू देतील. लाल मातीतला पैलवान क्वचितच ‘कट’ दिसतो, पण त्याची मान, पाठ, बैठका मारून तयार झालेल्या मांड्या बघा. 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्य जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेटचे, म्हणजे हलक्या वजनाचे मल्ल होते. दादरला शिवाजी पार्कवर मल्लखांब चालतो. तिथे सडसडीत पोरं-पोरी खांबाला मांड्यांनी आवळून उलटी लटकतात. दोन-दोन मिनिटांची स्केचेस करा. डिटेल नको, फक्त वजन कुठे पडलंय आणि कोण कुणाला खेचतंय एवढंच. (मोबाइलवर फोटो काढून घरी ट्रेस करण्याचा मोह होईल. एक दिवस तरी टाळा.)

मग टॅबवर या. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, क्रिटा तर फुकट आहे. थ्रीडी मॉडेल कॅमेऱ्याच्या अँगलसाठी जरूर वापरा, पण त्याचा हात दुमडला तरी दंड खऱ्यासारखा फुगत नाही, तेवढं लक्षात ठेवा. पहिल्या लेयरवर फक्त ॲक्शनची रेघ. दुसऱ्यावर बरगड्यांचा पिंजरा आणि कंबर, हे दोन ठोकळे, शक्यतो एकमेकांकडे कललेले. मग स्नायू, आणि ओढणारी बाजू ठळक, सैल बाजू एका साध्या रेघेत. मधूनमधून कॅनव्हास उलटा करून बघा, क्रिटात ‘एम’ दाबलं की झालं. उजवीकडे कललेला पैलवान लगेच पकडला जातो.

पोटाच्या वड्या सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर. त्या काढून झाल्या की तो लेयर बंद करा. माणूस तरीही तगडा दिसतोय? मग तो लेयर पुन्हा चालू करायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.