चष्म्यातून गोळ्या मिळत नाहीत

मागच्या आठवड्यात ऑफिसात हॅकेथॉन झाली. पिझ्झा, रात्रभर जागरण, सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी प्रेझेंटेशन, म्हणजे नेहमीचंच. पहिलं बक्षीस मिळालं 'ग्रामीण मानसिक आरोग्यासाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' या कल्पनेला. भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा खेड्यातला पेशंट डोळ्यांवर हेडसेट चढवणार, समोर समुद्रकिनारा दिसणार, किनाऱ्यावर खुर्ची आणि खुर्चीत नागपूरच्या डॉक्टरांचा अवतार. (अवतार म्हणजे थ्रीडी पुतळा, दशावतारातला नव्हे.) टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर विचारलं, बाबांनो, स्लाईडवर भंडाराच का? तर म्हणे, "अरे तू तिकडचाच ना? आम्हाला एक रिमोट जिल्हा हवा होता."

हो, मी तिकडचाच. लाखांदूर तालुक्यातला. तिथल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. मन शांत करायचं तर तलावाची पाळ दाखवा, जिल्हाच तलावांचा आहे. पण ते सोडा, तो नुसता बग आहे, दोन तासांत फिक्स होईल. माझं भांडण डिझाईनशी आहे.

माझ्या मामेभावाला स्किझोफ्रेनिया आहे. (मामीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिव ना, लपवून का भेटलं आतापर्यंत?") नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात त्याचे उपचार सुरू झाले आणि चांगला फरक पडला. पोरगा पुन्हा बांधीत उतरायला लागला, लोकांशी बोलायला लागला. मग एका जुलैत तपासणीची तारीख नेमकी रोवणीत आली. रोवणीच्या दिवसांत घरातली दोन माणसं उठून शंभरावर किलोमीटर जाणार, तिथे रांगेत बसणार, रात्री परत येणार, हे कसं जमावं? तारीख चुकली. गोळ्या संपल्या. तीन आठवड्यांनी तो रात्री घरातून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कालव्याच्या कडेला बसलेला सापडला.

आता नीट वाचा. त्याच संध्याकाळी मी पुण्यातून व्हिडिओ कॉल जोडून दिला. मामाचा जुना फोन, स्क्रीनला तडा, डॉक्टरांचा चेहरा मधूनमधून चौकोनी चौकोनी होत होता. तरी डॉक्टरांना दहा मिनिटांत सगळं समजलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. म्हणजे 'रिमोट' भाग व्यवस्थित चालला! अडलं पुढे. लाखांदुरात ती गोळी नाही. पवनीत एका दुकानात होती, पण वेगळ्या पॉवरची. शेवटी नागपूरच्या एका मित्राने पाकीट घेऊन एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं, तेव्हा चौथ्या दिवशी गोळी पोटात गेली. त्या चार रात्री मामा दाराला आडवी खाट टाकून झोपत होता.

या गोष्टीत डॉक्टरांचा चेहरा थ्रीडी असता तर नेमकं काय सुधारलं असतं?

आपल्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. सिस्टीम बॅकएंडला मरते आणि आपण फ्रंटएंडला नवा रंग देतो. दूरच्या मानसोपचारात पेशंट तुटतो तो पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या जागेत. औषध संपतं, तारीख चुकते, चौकशी करायला कुणी येत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं "बाहेरचं आहे, अमक्या बुवाकडे न्या". चित्र किती खरं दिसतं याचा इथे काडीचा संबंध नाही.

मी व्हीआरच्या विरोधात आहे असं समजू नका. ते काम करतं. १९९५ सालीच बार्बरा रोथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती असणाऱ्या विद्यार्थ्यांना आभासी पूल आणि गच्च्यांवर उभं करून भीती कमी होते हे दाखवलं होतं. तत्त्व साधं आहे: ज्याची भीती त्याच्यासमोर थोडं थोडं उभं राहायचं, आणि काही वाईट होत नाही हे शरीरालाच कळू द्यायचं. मला वाटायचं की भास होणाऱ्या माणसाला हेडसेट घालणं म्हणजे आगीत तेल. तेही चूक निघालं. इंग्लंडमध्ये 'गेमचेंज' नावाची चाचणी झाली, निकाल २०२२ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. सायकोसिसचे ३४६ पेशंट, घराबाहेर पडायलाच घाबरणारे. त्यांना आभासी बस, दुकान, दवाखान्याची वेटिंग रूम यांत सराव दिला. ज्यांचा त्रास सगळ्यात जास्त, त्यांना फायदाही जास्त झाला.

पण तिथे हेडसेटसोबत एक माणूस असायचा. दरवेळी मोठा डॉक्टर नव्हे, कधी सहायक मानसशास्त्रज्ञ, कधी स्वतः अशा आजारातून गेलेला कुणी. आणि त्या पेशंटांच्या मागे त्यांची नेहमीची उपचारव्यवस्था उभी होती. आमच्या विजेत्या टीमच्या स्लाईडवर नेमकी हीच दोन माणसं कापली होती, 'कॉस्ट सेव्हिंग' म्हणून. कमाल आहे.

बरं, दुसरे रस्ते नाहीत असंही नाही. चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने २०१० साली तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवायला सुरुवात केली. बसमध्ये बसायची खोली, पडद्यावर चेन्नईतले डॉक्टर, आणि त्याच बसमध्ये औषधांचं दुकान. बोलणं झालं की गोळ्या तिथल्या तिथे, फुकट. बसबरोबर गावोगावी शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते. त्या बसमधला सगळ्यात हुशार भाग कोणता म्हणाल तर पडदा नव्हे, औषधाची खिडकी.

आणि आपल्याच विदर्भातलं उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याची लक्षणं ओळखायची, घरी जाऊन बोलायचं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे डॉक्टरांकडे पोचवायचं. सुरुवातीला नैराश्य असणाऱ्या शंभरातले जेमतेम ४.३ लोक कुठल्याही उपचारापर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी २७.२! सहापटीहून जास्त. कुठल्या स्टार्टअपने असा आलेख दाखवला असता तर गुंतवणूकदार दारात रांग लावून उभे राहिले असते. इथे दाखवायला गॅजेट नाही, त्यामुळे तुम्ही-आम्ही हे नावही ऐकलेलं नसतं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८. उपचारासाठी कुणाला लांब जावं लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी, ही जबाबदारी सरकारची. सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत यादीतली आवश्यक औषधं कायम आणि मोफत, हेही त्याच कलमात. वाचून बघा, सोपं आहे. त्यात 'जवळ' हा शब्द किलोमीटरमध्ये आहे, पिक्सेलमध्ये नाही.

'टेलीमानस' ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास. ते चांगलंच आहे, नंबर फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता जीव घाबरा झालेल्या माणसाला फोनवर दुसरा माणूस भेटणं ही छोटी गोष्ट नाही. पण गोळी तिथूनही येत नाही. ती यायला तालुक्याच्या कपाटात असावी लागते.

"म्हणजे तू नुसता नकारघंटा वाजवणार का?" असं आमच्या टीम लीडने विचारलं. नाही. मला जे बनवायचंय ते इतकं कंटाळवाणं आहे की त्याला हॅकेथॉनमध्ये उत्तेजनार्थही मिळणार नाही. तालुक्यातल्या कुठल्या सरकारी दवाखान्यात कुठली गोळी किती शिल्लक आहे, ते रोज दिसेल असा एक तक्ता. तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी आशाताईच्या फोनवर नाव. तारखा देताना रोवणी आणि धानकापणीचे आठवडे टाळणारं कॅलेंडर. मामीला वाचायला नको म्हणून बोलका निरोप, तोही झाडीबोलीत, जिथे 'ळ'चा बऱ्याचदा 'र' होतो आणि डोळ्याला डोरा म्हणतात. एवढं दोन-तीन वर्षं नीट चाललं, तर मग आणा हेडसेट, आशाताईच्या पिशवीतून. गर्दीला घाबरून साकोलीच्या बाजारात न जाणाऱ्या पोरीला तिच्या शेजारी बसून दाखवा आभासी बाजार. मी स्वतः तलावाची पाळ शूट करून देईन.

हे सगळं टीमला मेलवर लिहून पाठवलं. उत्तर आलं, चांगलं आहे, औषधांचा भाग 'फेज टू'मध्ये घेऊ.

मामीला हेडसेटबद्दल सांगितलं होतं मी फोनवर. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या चष्म्यातून गोळ्या भेटतेत का रे बाबू?"

पुढची तारीख पुन्हा जुलैतच आहे. मी रजा टाकलीय.