पगारी गोलंदाज

गुणाला जात नसते, असे व्यासपीठावरून आपण नेहमी ऐकतो. पालवणकर बाळूंची कारकीर्द वाचल्यावर मला ते पटेनासे झाले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर नोकर होता. खेळपट्टीवर रोळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हाती कधी दिली नाही. फलंदाजी मालकाची, गोलंदाजी नोकराची! (आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पोरांतही ज्याची बॅट, त्याची पहिली फलंदाजी.)

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. त्यांनी काढलेले बळी सर्वांना चालत. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ११४ बळींनीही जी लायकी सिद्ध होत नाही, ती लायकी खेळातली नव्हेच.

ते पद १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. तोवर बाळूंचा खेळ संपला होता.