ऊन आणि सोबत

थंडी पडली की माधवनगर, बुधगावच्या घरांत खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि सोरायसिस असलेल्यांचे दुखणेही याच दिवसांत उफाळून येते. कोपर-गुडघ्यांवर लाल चट्टे उठतात, डोक्यातून खपल्या झडतात, वुजूचे गार पाणी लागताच कातडी तडकते. खाज सोसता येते, पण लोकांच्या नजरा सोसवत नाहीत. मग एखादा भाऊ सफेत कोपऱ्यातली जागा धरतो. एखादी आपा शादीच्या घरी जायचेच टाळते. पांढरे कोड असलेल्या मुलीला तर पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवले जाते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. सोरायसिस आणि कोड हे दोन्ही आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका मुसल्ल्यावर नमाज पढल्याने पसरत नाहीत.

या आजारांवर उन्हाचा उपाय फार जुना आहे. अंदलुसचे वनस्पतीतज्ज्ञ इब्नुल बैतार यांचा इंतकाल १२४८ मध्ये दमास्कसला झाला. कोडासाठी ‘अत्रीलाल’ नावाच्या वनस्पतीचे बी देऊन रोग्याला उन्हात बसवण्याची रीत त्यांनी लिहून ठेवली आहे. याच वनस्पतीतून वेगळे काढलेले द्रव्य कैरोच्या डॉ. अल-मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात रोग्यांवर वापरले. आपल्याकडची बावचीही याच जातीचे काम करते. आज त्वचारोगतज्ज्ञ दिव्याखाली उभे करून जे किरण देतात, त्याचे मूळ उन्हातच आहे.

नॉर्वेत हिवाळा लांबलचक आणि अंधारा असतो. तिथले सरकार १९७६ पासून सोरायसिसच्या रोग्यांना स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर तीन आठवड्यांसाठी पाठवत आले आहे. तिथे ऊन मोजून दिले जाते, रोज थोडे थोडे वाढवत. पण उपचार उन्हावर संपत नाही. रोगी गटाने जातात, एकत्र व्यायाम करतात, आजाराची माहिती घेतात आणि एकमेकांशी बोलतात. ज्याने वर्षानुवर्षे पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडला नव्हता, तो तिथे निवांत उघड्या अंगाने बसतो, कारण शेजारच्याच्या अंगावरही तेच चट्टे असतात. त्वचेवरचा गुण काही महिन्यांत ओसरू लागतो. म्हणूनच आजार रोजच्या रोज कसा सांभाळायचा, हे शिकून घरी येणे महत्त्वाचे.

हवापालटाची ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. मोकळी कोरडी हवा आणि विश्रांती, यांवर तिथे भर असे.

सोबतीचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी ‘श्वेता’ हा कोड असलेल्यांचा स्वमदत गट उभा केला. तिथे लोक जमतात, मन मोकळे करतात. वधू-वर मेळावेही भरतात. २००६ साली आलेला ‘नितळ’ हा मराठी चित्रपट कोड असलेल्या तरुण डॉक्टर मुलीचीच गोष्ट सांगतो.

मग माधवनगरात काय करता येईल? ऊन आपल्याकडे पावसाळा सोडला तर बारा महिने आहे. त्यासाठी बेटावर जायला नको. कमी आहे ती सोबत. महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी कुणाच्या तरी घरी बसावे. बहिणींनी आडोशाच्या गच्चीवर जमावे, म्हणजे पर्दाही राहील आणि हातापायांना ऊनही लागेल. कोणते मलम लागू पडले, साबण कोणता सोसतो, रिश्त्याच्या वेळी काय सांगितले, हे तिथे बोलावे. असे बोलणे घरात होत नाही.

उन्हाबाबत मात्र मनाने काही करू नये. किती वेळ बसायचे आणि केव्हा, हे त्वचेच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. काहींचा सोरायसिस उन्हाने बळावतो. कोडाचा पांढरा भाग लवकर भाजतो. इसब असलेल्यांना घामाने खाज वाढते. बावचीचे तेल लावून आपल्या मनाने उन्हात बसल्यास मोठे फोड येतात. कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या थांबवल्या की सोरायसिस दुप्पट जोराने उलटू शकतो. चालू औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

आणि ज्यांच्या अंगावर डाग नाहीत, त्यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. पुढच्या जुम्म्याला कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या भावाशेजारी खांद्याला खांदा लावून उभे राहा. मुलगी पाहायला गेलात तर तिचे शिक्षण विचारा, स्वभाव विचारा. आतल्या खोलीतल्या मुलीला बाहेर आणणे हे कुठल्याच दवाखान्याला जमणार नाही. ते काम आपले आहे.