तगणाऱ्यांची सभा : एका खेळाविषयीचे मराठी समीक्षेचे मौन

मराठी समीक्षेला खेळाचे वावडे नाही. योहान हुइझिंगाचा १९३८ चा ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ आणि रॉजे कैवाने १९५८ साली केलेले खेळांचे चतुर्विध वर्गीकरण यांची नावे सौंदर्यशास्त्रीय चर्चेत आदराने घेतली जातात. कलेच्या स्वायत्ततेचा प्रश्न निघाला की क्रीडासिद्धान्ताची उजळणीही होते. मात्र खेळ म्हणजे काय याचा एवढा ऊहापोह करणारी ही समीक्षा, प्रत्यक्षात कोणी खेळू लागले की मान फिरवते. गेल्या दशकात महाराष्ट्रातील गावोगावच्या तरुणांनी ज्या खेळांत आपल्या आयुष्यातील असंख्य संध्याकाळी घातल्या, त्या महाजालावरील बहुखेळाडू ‘सर्व्हायव्हल’ खेळांविषयी तिच्यापाशी स्वतःचे असे विधान नाही. जे काही बोलले जाते ते उसने असते आणि दोन साच्यांतून आलेले असते.

पहिला साचा व्यसनाचा. तो मानसोपचारतज्ज्ञ आणि वृत्तपत्रे यांच्याकडून आलेला आहे. या साच्यात खेळाडू हा रुग्ण असतो, खेळ हा विषाणू असतो आणि समीक्षक आपली परिभाषा बाजूला ठेवून पालकाच्या भूमिकेत शिरतो. दुसरा साचा संहितेचा. १९९७ साली एस्पेन आर्सेथचे ‘सायबरटेक्स्ट’ आणि जॅनेट मरेचे ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ ही दोन पुस्तके आली. पुढे कथनमीमांसक आणि क्रीडामीमांसक असे दोन पक्ष पडले आणि खेळ ही कथा आहे की नियमव्यवस्था आहे यावर त्यांनी दीर्घ वाद घातला. आपल्या विद्यापीठीय चर्चासत्रांत हा वाद जसाच्या तसा वाचून दाखवला की आधुनिकोत्तर असल्याचे समाधान मिळते. वरकरणी हे दोन्ही साचे परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांची चूक एकच आहे. दोघांनाही पडद्यासमोर बसलेला एकटा माणूस दिसतो. कानाला यंत्र लावून तो कोणाशी काय बोलत आहे, हे दोघांपैकी कोणीही ऐकत नाही.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे, की हे खेळ प्रथमतः बोलण्याचे खेळ आहेत. त्यांतील मूळ द्रव्य गोळी नसून विश्वास, विश्वासघात, मदत आणि नकार यांचा शब्दव्यवहार आहे. हा शब्दव्यवहार मराठीत, मराठीच्या बोलींत चालतो. म्हणून तो समीक्षेचा विषय ठरतो, आणि समीक्षेने तो सोडून दिल्यामुळे त्याचा अर्थ लावण्याचे काम पोलीस व कंपन्या यांच्याकडे गेले आहे.

आधी या खेळांची वंशावळ पाहू. २०१२ साली डीन हॉल या न्यूझीलंडच्या सैनिकाने एका युद्धखेळात फेरफार करून ‘डे-झी’ रचला. लष्करी प्रशिक्षणात घेतलेला उपासमारीचा व एकटेपणाचा अनुभव त्यामागे होता. ब्रेंडन ग्रीनने त्याला कोउशुन ताकामीच्या १९९९ मधील कादंबरीवरून निघालेल्या ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटाच्या कल्पनेची जोड दिली. २०१७ साली ‘पबजी’ आला आणि २०१८ साली तो भ्रमणध्वनीवर उतरला. शंभर माणसे एका बेटावर उतरतात, घरोघर शस्त्रे शोधतात, राहण्याजोगे वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी एक माणूस किंवा चारांचा एक गट उरतो. ही कल्पना आपल्याला नवी वाटली तरी ती जुनीच आहे. डीफोच्या क्रूसोने १७१९ साली बेटावरचा एकटा माणूस निर्माण केला, आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्यालाच मूळ मानव समजावे याची मार्क्सने थट्टा केली. त्याआधी १६५१ साली हॉब्जने ‘निसर्गावस्थे’तील सर्वांविरुद्ध सर्वांचे युद्ध कल्पिले होते. तेव्हा बेट हे निसर्गाचे चित्र नाही, तो एक सिद्धान्त आहे. माणसावरची समाजाची पुटे काढली की खाली एकटा लांडगा सापडतो, असा तो सिद्धान्त सांगतो. क्रोपोटकिनने १९०२ साली परस्परसाहाय्याचे पुरावे मांडून याच समजुतीला उत्तर दिले होते. खेळ रचणाऱ्यांनी हॉब्ज उचलला आणि क्रोपोटकिन वगळला.

या खेळांना मराठीत ‘जीवनसंघर्षाचे खेळ’ म्हटले, तर हा सिद्धान्त भाषांतरातच मान्य केल्यासारखे होते. मी ‘तगणे’ हा शब्द वापरतो. तगते ती पऱ्हाटी, तगते ते आजारी लेकरू. तगणे हे क्रियापद अकर्मक असले तरी एकट्याचे नाही. पीक तगायला पाऊस लागतो, डवरणारे हात लागतात, वेळेवर मिळालेले कर्ज लागते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ज्या जिल्ह्यात एकटे पडणे ही न तगण्याची पहिली पायरी ठरली, तेथील मुलगा ‘शेवटी एकटा उरेल तो जिंकला’ या नियमाचा खेळ कसा खेळतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला पडू नये याचे नवल वाटते.

तो कसा खेळतो हे नाचणगावच्या कोणत्याही ओट्यावर ऐकता येते. तिघे शेजारी बसलेले असतात आणि चौथा पुण्यात नोकरीला गेलेला असतो. तो रात्रपाळीच्या आधी तासभर येतो. खेळाच्या रचनेनुसार गटातील एकाला गोळी लागली की तो लगेच मरत नाही. तो रांगू लागतो, आणि सोबत्याने काही क्षण त्याच्यापाशी थांबून त्याला उठवले तर तो पुन्हा उभा राहतो. थांबणारा मात्र त्या क्षणांत उघडा पडतो. या कृतीला मुलांनी शब्द दिला आहे ‘उचलणे’. “पडलो ना बे, उचल मले.” “थांब, येऊन रायलो.” आणि कधीतरी पडलेलाच म्हणतो, “नको येऊ, तूबी मरशीन.” या तीन वाक्यांत जे नाट्य आहे ते खेळ रचणाऱ्याने लिहिलेले नाही. नियमाने फक्त एक शक्यता ठेवली होती. ‘नको येऊ’ हे वाक्य नाचणगावचे आहे. हॉब्जच्या बेटावर हे वाक्य संभवत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा भाबडेपणा आहे आणि खेळ शेवटी हिंसाच शिकवतो. त्यांनी नाचणगावचा भूगोल पाहावा. गावाला लागून पुलगाव आहे आणि पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत डझनाहून अधिक माणसे गेली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतील मजूर होते. भ्रमणध्वनीवर ‘पबजी’ आला तेही वर्ष हेच. खेळातल्या रिकाम्या घरात काडतुसे फुकट पडलेली असतात. घराबाहेरच्या जगात त्यांच्या पेट्या उचलण्याची मजुरी मिळते. दारूगोळ्याशी या पोरांची ओळख पडद्याने करून दिली असे मानणारा समीक्षक या परिसराचे वाचन न करताच संहितेचे वाचन करीत असतो.

तरीही नाचणगावचा ओटा म्हणजे क्रोपोटकिनचे नंदनवन असा माझा दावा नाही. गटाचा नायक पुष्कळदा ज्याचा फोन भारी तोच होतो. ज्याच्याकडे स्वस्तातला फोन, तो ‘फ्री फायर’सारख्या हलक्या खेळाकडे वळतो आणि त्याची हेटाळणी होते. पुण्याचा अनोळखी खेळाडू गटात आला की ‘मले’चे ‘मला’ होते, आणि परप्रांतीय आला की सगळेच हिंदीवर जातात. मुलीचा आवाज ऐकू आला की लाडीगोडी किंवा शिवीगाळ यांपैकी एक ठरलेले. म्हणून मुली बहुधा ध्वनी बंद ठेवून खेळतात. म्हणजे बोलण्याच्या या खेळात त्यांना मुकेपणाच्या अटीवर प्रवेश आहे. देशीवादी समीक्षेपुढे येथे खरा पेच उभा राहतो. ज्या भूमीत माती नाही तेथे वऱ्हाडी जिवंत आहे, आणि तिच्यासोबत प्रमाणभाषेचा धाक व पुरुषी वर्चस्वही तेथवर पोहोचले आहे. भाषा भूमीत रुजते एवढे म्हणून हा पेच सुटत नाही.

जातीचेही तसेच. टोपणनावामागे आडनाव लपते, त्यामुळे येथे जात गळून पडते असे काही उत्साही मंडळी सांगतात. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहाचे शीर्षक ज्याने नीट वाचले आहे, त्याला चोरणे आणि गळणे यांतील अंतर सांगावे लागू नये. काही टोपणनावे तर जात मिरवण्यासाठीच घेतलेली असतात. ‘रस्ट’ या खेळाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याच्या निर्मात्यांनी २०१५-१६ च्या सुमारास खेळाडूला वर्ण व लिंग नेमून देण्यास सुरुवात केली. निवड नाही, बदल नाही. पाश्चात्त्य खेळाडूंत मोठा क्षोभ झाला. न निवडलेल्या देहात आयुष्य काढावे लागणे हा त्यांना अन्याय वाटला. दलित आत्मकथनांनी अर्धशतक जे सांगितले ते तेथे एका खेळाने काही आठवड्यांत जाणवून दिले. आपल्याकडे मात्र या दोन अनुभवांना एकत्र ठेवून पाहण्याची इच्छा कोणाला झाली नाही.

आता नियमांकडे वळू. एकट्याने खेळायच्या प्रकारात दोन परक्या खेळाडूंनी एकमेकांना न मारता सोबत चालणे, हा या खेळांत गुन्हा आहे. त्यासाठी कंपनी खाते बंद करू शकते. स्पर्धेच्या न्यायासाठी हे आवश्यक असेलही. परंतु त्याचा अर्थ स्पष्ट आहे: सर्वांविरुद्ध सर्वांचे युद्ध ही निसर्गावस्था असती, तर तिला पोलिसांची गरज पडली नसती. माणसे संधी मिळताच सोबत चालू लागतात म्हणूनच सोबतीवर बंदी घालावी लागते. हॉब्जचा याहून स्वच्छ प्रतिवाद मला कोणत्याही ग्रंथात आढळलेला नाही, आणि तो करणाऱ्यांनी हॉब्जचे नावही ऐकलेले नसेल.

मग हे बेट कोणाचे? कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष आहे. त्याने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावे आणि फासे, पाणी, जागा यांचे भाडेही घ्यावे, अशी व्यवस्था तेथे सांगितली आहे. आजचा द्यूताध्यक्ष जागेचे भाडे घेत नाही. तो कपडे विकतो, ज्यांनी बळ वाढत नाही पण मान वाढतो. राज्यसंस्थेचे वर्तन याहून मासलेवाईक आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी हा खेळ खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून ११८ उपयोजनांसह त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने, हिरवे रक्त घेऊन परतला; जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशाचे खेळ निषिद्ध ठरवून ई-क्रीडा व सामाजिक खेळ वेगळे काढले. या सगळ्या खटाटोपात ‘सामाजिक’ या शब्दाचा अर्थ कोणी विचारला नाही. बंदीच्या दिवशी ओट्यावरचा चौथा, पुण्याचा, कुठे गेला हेही कोणी विचारले नाही. त्याच्याशी बोलण्याची तीच एक जागा होती.

हे साहित्य आहे का, असा आक्षेप शेवटी येणारच. त्याला माझे उत्तर आपल्याच परंपरेतून आहे. मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्रापाशी आपण मानतो, त्यात चक्रधरांच्या पूर्वायुष्यातील हरपाळदेव द्यूतात हरतो, पत्नी दागिने देण्यास नकार देते आणि तो घर सोडून रामटेकच्या वाटेला लागतो. त्या खेळाचे नियम माहीत असून लीळा कळत नाही. हरल्यानंतर घरात काय बोलणे झाले, यातून ती कळते. महाभारतातही तेच. फासे सर्वांनी पाहिले, डावाचे नियम पाळले गेले. पण सभापर्व उभे आहे ते द्रौपदीच्या प्रश्नावर. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, असे तिने विचारले. सभेतील वडीलधाऱ्यांपाशी ज्ञान होते, परिभाषा होती, आणि ते गप्प राहिले.

१९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०२३ साली नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात मराठी साहित्य संमेलन भरले. त्या मंडपापासून नाचणगाव फार दूर नाही. संमेलनांनी खेळांवर परिसंवाद घ्यावेत अशी मागणी मी करीत नाही. परिसंवादांनी काय होते हे आपण जाणतो. माझी मागणी लहान आहे. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने, खेळणाऱ्यांची संमती घेऊन, एका गटाचे एका महिन्याचे बोलणे लिहून काढावे: बोली, शिव्या, मौने, ‘उचल’ आणि ‘नको येऊ’ यांसह. त्याचा मार्गदर्शक ‘हा आपला विषय नव्हे’ असे म्हणाला, तर ते का नव्हे हे त्याने लेखी द्यावे. निदान त्या निमित्ताने तरी मराठी समीक्षेचे या प्रश्नावरचे पहिले विधान आपल्याला वाचायला मिळेल.