मामंजींचे कॉफीचे भांडे

दर आठवड्याला या पानावर आपण घरातल्या एकेका वस्तूची उलटतपासणी करीत असतो. कुकरचे झाकण झाले, पाण्याची गाळणी झाली, गादीतला कापूससुद्धा झाला. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा जरा सैल सोडली आहे, तेव्हा वर्षभर कित्येक भगिनींनी पत्रांतून जो प्रश्न विचारला तो आज हाती घेते. फ्रेंच प्रेस घ्यायचा तर काचेचा घ्यावा की स्टीलचा? आणि स्टीलचा घ्यायचा तर टिकाऊ कोणता, हे ओळखावे कसे?

ज्यांच्या घरात ही वस्तू अजून आलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. एक उभट भांडे, त्यात वरून खाली सरकणारा दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला बारीक जाळी. भांड्यात कॉफीची जाडसर पूड घालायची, वर गरम पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे आणि दट्ट्या हलकेच दाबायचा. चोथा तळाशी राहतो, कॉफी वर. वीज नको, कागद नको. ज्या बाईने सोऱ्यातून चकल्या पाडल्या आहेत तिला हे तत्त्व समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की सोऱ्यात दट्ट्याखालचे बाहेर काढायचे असते आणि इथे ते खालीच कोंडून ठेवायचे असते.

नाव फ्रेंच असले तरी याचे कुळ मोठे मिश्र आहे. १८५२ साली मेयर आणि देल्फोर्ज या दोघांनी फ्रान्समध्ये दट्ट्याच्या गाळणीचे पेटंट घेतले. पुढे १९२९ मध्ये कालिमानी आणि मोनेता या इटालियन जोडीने आजच्या भांड्याच्या जवळ जाणारा नमुना केला. १९५८ साली बोंदानिनी नावाच्या आणखी एका गृहस्थाने तो सुधारला आणि तो फ्रान्समध्ये तयार होऊ लागला. जगभर तो पसरवला मात्र बोडम या डॅनिश कंपनीने. इंग्लंडात त्याला काफेतिएर म्हणतात, ऑस्ट्रेलियात नुसते प्लंजर. आमच्या घरी त्याला 'दट्ट्या'च म्हणतात.

आणि हा दट्ट्या आमच्या घरी आहे तो मामंजींमुळे. मामंजी रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. नोकरीची काही वर्षे हुबळीला गेली आणि तिथून येताना त्यांनी पितळी फिल्टर आणि कॉफीची तल्लफ अशा दोन वस्तू बरोबर आणल्या. पुढे मधुमेहाने साखर सुटली, मग दूधही सुटले आणि नुसती काळी कॉफी उरली. बंगलोरला नोकरी करणाऱ्या नातवाने आजोबांसाठी काचेचा फ्रेंच प्रेस पाठवला, तो त्यांना फार आवडला. सासूबाई गेल्यानंतर तर पहाटे साडेपाचला उठून, कुणालाही न उठवता, स्वतःच्या हाताने केलेला तो एक पेला ही त्यांची दिवसाची सुरुवात झाली. वय अठ्ठ्याहत्तर. दिवसभरातले बाकी सगळे, औषधे, पथ्य, फिरायला जाण्याची वेळ, आम्हीच ठरवतो. तेवढी एक गोष्ट त्यांची होती.

त्यांच्या हाताला अलीकडे कंप सुटला आहे. एक दिवस भांडे विसळताना नळाची तोटी लागली आणि काचेला केसाएवढी चीर गेली. ती कुणालाच दिसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उकळते पाणी पडताच भांडे ओट्यावर दुभंगले. देवाची कृपा, पाणी ओट्यावरच वाहिले, पायावर आले नाही. पण त्या आवाजाने घर जागे झाले आणि त्या दिवशी जेवताना सर्वानुमते ठरले, की यापुढे मामंजींनी स्वयंपाकघरात गरम पाण्याला हात लावायचा नाही. हे म्हणाले, "नाना, कॉफी सात वाजता ही करून देईल तुम्हाला." कन्यारत्नाने विजेच्या यंत्राची जाहिरात दाखवली. मामंजी काही बोलले नाहीत. चार दिवसांनी मला म्हणाले, "सूनबाई, मला कॉफी करू नकोस. आता जिभेला तशी चव राहिली नाही."

जिभेची चव कुठे गेली हे सुनेला कळत नसेल तर तिने वीस वर्षे संसार केला कशाला? मी त्याच आठवड्यात तुळशीबागेत गेले.

काचेचे भांडे वाईट नसते हे आधीच सांगते. ती काच उष्णता सोसणारी असते, कॉफी दिसते, वास धरत नाही. पण ती पातळ असते, आणि मोरी, नळ, घाई ही आपल्या स्वयंपाकघराची त्रिस्थळी यात्रा तिला मानवत नाही. तेव्हा ज्या घरात लहान मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत किंवा भांडी चार हातांतून जातात, तिथे स्टीलच घ्यावे. फक्त दुकानदार 'स्टीलचाच आहे' म्हणाला की आत पाहावे. पुष्कळ ठिकाणी बाहेरचा सांगाडा तेवढा स्टीलचा आणि पोटात काच, असा प्रकार असतो.

आता स्टील कोणते? बुडाशी किंवा खोक्यावर ३०४ किंवा १८/८ असा आकडा पाहावा. अठरा म्हणजे शंभरात अठरा भाग क्रोमियम, आठ म्हणजे आठ भाग निकेल. क्रोमियममुळे गंज धरत नाही आणि निकेलमुळे ते आणखी चिवट होते. आमच्या दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढला आणि तो भांड्याला चिकटत नाही हे नाटकातल्या जादूगाराच्या थाटात दाखवले. "बघा ताई, अस्सल!" लोहचुंबक चिकटला असता तर भांडे निकेल नसलेल्या हलक्या जातीचे असण्याचा संभव, इथपर्यंत त्याचे बरोबर आहे. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेली २०१ आणि २०२ या आकड्यांची स्वस्त जातही असते, आणि तिलाही लोहचुंबक चिकटत नाही. तेव्हा लोहचुंबक अर्धीच साक्ष देतो. उरलेली अर्धी बिलावर '३०४' असे लिहून घेऊन मिळवावी. मी तसे म्हणताच दुकानदाराने ते भांडे बाजूला सारले आणि आतल्या फळीवरचे दुसरे काढले. यावर मी काही भाष्य करीत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. एका पत्र्याचे भांडे स्वस्त आणि हलके, पण बाहेरून चटका देते आणि कॉफी लवकर निवते. दुहेरी पत्र्याचे, मधली हवा काढून घेतलेले, म्हणजे आपल्या थर्मासच्या जातीचे. ते घ्यावे. दुकानात शक्य असेल तर त्यात कढत पाणी ओतून पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवावा. एखाद्या ठिकाणी चटका लागला तर मधली पोकळी बिघडलेली आहे. आणि असले भांडे गॅसवर कधीही ठेवू नये. कोंडलेल्या पोकळीला आच लागणे धोक्याचे असते. घरात कामाला येणाऱ्या बाईलाही हे सांगून ठेवावे, कारण स्टीलचे भांडे दिसले की ते गॅसवर चढवायचे ही आपली जन्माची सवय.

परंतु भांडे टिकते की नाही हे खरे पाहता भांड्यावर नसतेच. ते दट्ट्यावर असते. पत्र्याला पोचा आला तरी कॉफी होते. जाळी सैल झाली की प्रत्येक घोटात गाळ. म्हणून दुकानात दट्ट्या बाहेर काढून त्याची चाकी फिरवावी. दांडीच्या टोकाला आटे असतात. ते सहज बसले आणि सहज सुटले पाहिजेत, वाकडे चढता कामा नयेत. खाली आधाराची भोके पाडलेली चकती, मग जाळी, आणि कडेला गोल वळलेली स्प्रिंग अशी रचना असते. ही स्प्रिंग जाळीची कड भांड्याला घट्ट लावून धरते, तेव्हा ती एका अंगाला चेपलेली नसावी. जाळी उजेडाकडे धरून पाहावी. तारा सारख्या विणलेल्या हव्यात आणि कड दुमडलेली हवी, नाहीतर महिन्याभरात कडेच्या तारा सुटून बोटाला टोचतात. मग रिकाम्या भांड्यात दट्ट्या दहा वेळा वरखाली करावा. तिरका होत असेल, खरखरत असेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. सगळ्यात शेवटी विचारावे, "जाळी सुटी मिळते का?" ज्याची जाळी सुटी मिळत नाही ते भांडे कितीही जाड पत्र्याचे असले तरी मी टिकाऊ म्हणणार नाही.

कान, म्हणजे मूठ, हा मामंजींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. चारही बोटे आत जातील आणि भांड्याला टेकणार नाहीत असा पूर्ण वळणाचा, दोन्ही टोकांना पक्का जोडलेला कान घेतला. मापाबद्दलही सांगते, कारण इथे पुष्कळ फसगत होते. खोक्यावर 'आठ कप' लिहिलेले भांडे एक लिटरचे असते आणि 'तीन कप' लिहिलेले साधारण साडेतीनशे मिलीलिटरचे. त्यांचा कप सव्वाशे मिलीलिटरच्या आतबाहेरचा, आपला कॉफीचा मग त्याच्या दुप्पट. तेव्हा तीन कपांच्या भांड्यात तीन पाहुण्यांची सोय होईल असे समजू नये. आमच्याकडे मोठेच घ्यावे असा यांचा आग्रह होता, उगाच दोन दोन कशाला म्हणून. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यात दुहेरी पत्र्याचे भांडे. कापऱ्या हाताला ते पेलणार कसे? मी तीन कपांचेच आणले. काचेच्या दुपटीहून जास्त पैसे पडले.

आणून ते मामंजींच्या टेबलावर ठेवले. हिशेबनीसाचा स्वभाव, त्यांनी आधी बिल वाचले, मग बुडाचा आकडा वाचला, मग चष्मा पुसून जाळी पाहिली. "पाणी किती भरलंय ते यात बाहेरून दिसत नाही, सूनबाई," ते म्हणाले. खरे होते. स्टीलची ती उणीव आहेच. म्हणून मापाचा पेला ठरवून दिला: पाणी आधी मोजून किटलीत घ्यायचे, म्हणजे भांडे काठोकाठ भरायची भीतीच नाही, वर दोन बोटे जागा राहते. खाली ओले फडके, म्हणजे भांडे सरकत नाही. उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून मग पाणी ओतायचे. यांचा विरोध दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पहाटे दट्ट्याचा आवाज आला. मी अंथरुणातच होते आणि मुद्दाम उठले नाही.

पूड कशी असावी हे न सांगता थांबले तर पत्रांचा पाऊस पडेल. फिल्टरसाठी दळलेली बारीक पूड यात चालत नाही. ती जाळीतून खाली-वर होते, दट्ट्या अडतो, आणि मग माणूस जोर लावतो. हा जोरच घातक, कारण अडलेला दट्ट्या एकदम सुटला की कढत कॉफी काठावरून उसळते. दट्ट्या तळहाताच्या नुसत्या भाराने वीस-तीस सेकंदांत खाली गेला पाहिजे. न गेल्यास थोडा वर घेऊन पुन्हा दाबावा. कॉफी दळून देणाऱ्याला 'जाड रव्यासारखी हवी, चिकोरी नको' असे स्पष्ट सांगावे. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असतेच, ते वाचावे. घरी मिक्सरमध्ये दळायची तर थांबत थांबत फिरवून पिठाच्या चाळणीने भुगा काढून टाकावा. तो भुगा फिल्टरला उपयोगी पडतो. साडेतीनशे मिलीलिटर पाण्याला वीस ग्रॅम पूड, म्हणजे पोहे खायच्या मोठ्या चमच्याने सुमारे चार चमचे. कॉफी झाली की लगेच पेल्यात ओतावी. भांडे गरम राहते म्हणून ती आतच ठेवली तर चोथ्यावर बसून कडू होते.

ज्यांच्या घरी निम्मे दूध, वर फेस आणि जायफळाची चिमूट याखेरीज कॉफीला कॉफी म्हणत नाहीत, त्यांनी हे भांडे घेऊच नये असे माझे मत आहे. यातली कॉफी त्यांना पाणचट लागेल. त्यांचा फिल्टर त्यांना लखलाभ. शिवाय एक वैद्यकीय गोष्ट: धातूच्या जाळीतून कॉफीतले तेलकट अंश पेल्यात उतरतात, कागदाच्या गाळणीत ते अडकतात. त्यातल्या काफेस्टॉल नावाच्या द्रव्याने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. ज्यांचे आधीच वाढलेले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून मगच दिवसाचे पेले ठरवावेत. आमच्या डॉक्टरांनी एका पेल्याला हरकत घेतली नाही, दुसऱ्याला घेतली. मामंजींनी दोन्ही निकाल वहीत लिहून ठेवले आहेत.

हेच तेल जाळीत साचून खवट होते, म्हणून रोज दट्ट्या सोडवून, कोमट पाणी आणि थोड्या साबणाने मऊ ब्रशने धुवावा. आठवड्यातून एकदा खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात जाळी बुडवून ठेवावी. तारेची घासणी आतून लावू नये, आणि डाग काढण्याचे क्लोरीनचे पाणी तर मुळीच नको. त्याने चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. झाकण लावून ओले भांडे ठेवले तर वास धरते, तेव्हा सगळे भाग फडक्यावर पालथे घालून सुकू द्यावेत. चोथा मोरीत टाकू नये, नळी तुंबते. आमच्याकडे तो वर्तमानपत्रावर वाळवून गॅलरीतल्या कुंड्यांत थोडा थोडा मिसळतात, आणि कुठल्या कुंडीला कोणत्या वारी घातला याचीही नोंद त्याच वहीत असते.